सोळा चिंचोके आणि तोरणमाळ

पहिला दिवस : धुळे, गच्चीवर

आखाजीनंतरचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचे, आठ दिवस आमच्या घरात कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. ताई माहेरी आलेली असते, तिची दोन मुलं असतात, लिंबाला झोका बांधलेला असतो आणि सांजोऱ्यांचा डबा दिवसभर उघडत-मिटत असतो. यंदा त्यात एक प्रकल्प येऊन पडला. भाचीच्या शाळेनं सुट्टीत करायला दिलेला : ‘उष्ण कटिबंधातील बेटावरच्या एका पक्ष्याची माहिती लिहा, चित्र काढा. शेवटी स्वतःचे निरीक्षण लिहा.’

मुलांची नावं लिहायची नाहीत अशी ताईची ताकीद आहे, म्हणून थोरली आणि धाकटा. थोरली सहावीतून सातवीत गेली, धाकटा दुसरीत. थोरलीनं पक्षी निवडला होता, चित्रही काढलं होतं. सगळा काळाकुळकुळीत, पंखावर एक पांढरा पट्टा. खाली लिहिलं होतं, सेशेल्सचा दयाळ. अडलं होतं ते शेवटच्या ओळीपाशी.

“मामा, निरीक्षण कसं करू? सेशेल्स कुठे आणि धुळं कुठे!”

मुंबईहून सेशेल्स सरळ रेषेत सव्वातीन हजार किलोमीटरच्या आसपास भरेल, तेही हिंद महासागर ओलांडून. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. माझ्या पगारात सातपुड्यातलं तोरणमाळ बसतं. तेव्हा म्हटलं, त्या पक्ष्याच्या आधी त्याचा चुलतभाऊ बघ. तो उद्या पहाटे आपल्याकडे येईल.

खानदेशात मे महिन्यात घरात झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. सगळे गच्चीवर, मच्छरदाण्या लावून. पावणेपाचला, पूर्वेला नुसती राखाडी रेघ उमटली असताना, शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवरून शीळ सुरू झाली. एक लांब सूर, मग तीन तुकडे, मग मध्येच कोणाची तरी नक्कल. धाकटा उठून बसला. “कोणाचा मोबाईल वाजतोय?”

दयाळ होता. उजेड आला तसा दिसायला लागला : पाठ आणि छाती काळी, पोट पांढरं, पंखावर पांढरी पट्टी, शेपटी अशी उभी केलेली की जणू हात वर करून ‘गुरुजी, मी सांगतो’ म्हणतोय. खाली पेरूच्या झाडाशी मादी उतरली होती. तिचा काळा रंग धुवून फिका झाल्यासारखा, राखाडी. थोरलीनं वहीत ताबडतोब फरक लिहिला : बेटावरच्या दयाळाचे नर-मादी दोघेही काळे, आणि अंगानं आपल्यापेक्षा मोठे. आपला वीतभर, जेमतेम 20 सेंटिमीटर, तो 25 च्या घरात. पण पंखावरची पांढरी पट्टी दोघांना आहे. घराण्याची खूण म्हणायची. तिकडे क्रिओल भाषेत त्याला ‘पी सांतेझ’ म्हणतात, त्यातल्या ‘सांतेझ’चा अर्थ गाणारी. आपल्याकडे दयाळ. हे नाव कोणी आणि का दिलं असेल, असं मला दर उन्हाळ्यात वाटतं. एवढ्या पहाटे उठवणारा कसला दयाळू!

इथे मला एक कबुली द्यावी लागली. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीत एक भोक होतं, विटेचा तुकडा निघाल्यामुळे पडलेलं. दोन वर्षं दयाळाच्या जोडीनं त्यात घरटं केलं. गेल्या दिवाळीच्या रंगकामात मी ते गवंड्याकडून सिमेंटनं बुजवून घेतलं. गांधीलमाश्या होतील म्हणून. दयाळाची मला आठवणसुद्धा झाली नाही. मग फेब्रुवारीत जाग आली तेव्हा फळकुटं ठोकून एक खोकं बनवलं आणि लिंबाला टांगलं. त्यात आता साळुंकी राहते. दयाळ एकदा खोक्यावर येऊन बसला तर साळुंकीनं त्याला असं हाकललं की आई हसून म्हणाली, “भाडेकरू घुशी गया!”

आईला आमचा बेत कळला तेव्हा तिनं तो एका वाक्यात निकालात काढला. “पाखरे तं आपला आंगनमा शेतस, तोरणमाळ कसाले जातस?”

तिच्या म्हणण्यात तथ्य होतंच. तरी आम्ही दशम्या बांधायला घेतल्या.

दुसरा दिवस : धुळे ते शहादा

ऊन चढायच्या आत निघायचं म्हणून सहा ठरवले, निघालो साडेसातला. दोंडाईचा, मग सारंगखेड्याला तापीचा पूल, मग शहादा. दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते. मेमध्ये नुसता फुफाटा. धाकट्याला घोडे हवे होते, मिळाला रसवंतीचा ग्लास.

दोंडाईच्याच्या अलीकडे एका शेतात ट्रॅक्टरनं नांगरट चालली होती. काळी ढेकळं उलटत होती आणि मागे गायबगळ्यांची रांग, त्यांच्यामध्ये साळुंक्या. मी गाडी बाजूला घेतली. ताई म्हणाली, “आत्ता? उन्हात?” पण मला हवं होतं ते नेमकं समोर आलं होतं.

“हे बघ,” मी थोरलीला म्हटलं, “ट्रॅक्टर माती उलटी करतो, आतले किडे वर येतात, बगळा फुकट जेवतो. तुझा बेटावरचा दयाळ असाच जेवतो. जंगलातला पालापाचोळा हे त्याचं शेत. पानं उलटून त्याखालचे किडे, अळ्या, लहान सापसुरळ्या टिपतो. पण तिथे पूर्वी ट्रॅक्टर कुठला?”

“मग माती कोण उलटणार?”

“कासव.”

धाकटा हसला. त्याला वाटलं मामा फेकतोय. पण सेशेल्सला भलीमोठी कासवं असतात, माणूस उचलू शकणार नाही अशी. ती पाचोळ्यातून फरफटत चालली की पानं सरकतात, किडे पळतात आणि दयाळ मागून टिपत जातो. माणसानं बागेत खणायला सुरुवात केली तरी जवळ येऊन बसतो. भीती नाही. भीती वाटायला कोणी तरी भीती घालणारं लागतं ना. त्या बेटांवर हजारो वर्षं मांजर नव्हतं, उंदीर नव्हता, मुंगूस नव्हतं. जमिनीवर बागडणाऱ्या पाखरानं घाबरायला शिकायचं तरी कोणाकडून?

“आता तिथे मांजरं आहेत?” थोरलीनं विचारलं. तिला पुढचं कळलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं.

उरलेली गोष्ट शहाद्याला पोचल्यावर, जेवण झाल्यावर सांगितली. जेवण म्हणजे शेवभाजी. पुण्याच्या मुलांना झेपेल म्हणून ‘कमी तिखट’ सांगितली होती, तरी धाकट्याचे कान लाल झाले. शहाद्याची कमी तिखट ही वेगळीच व्याख्या आहे.

लॉजच्या खोलीत पंख्याखाली बसून मी खिशातले चिंचोके काढले. आईनं भरून ठेवलेल्या डब्यातून मोजून सोळा आणले होते. फरशीवर मांडले.

सेशेल्समध्ये 1770 च्या सुमारास फ्रेंचांनी वस्ती केली. त्याआधी तिथे कायमची माणसंच नव्हती. माणसांच्या जहाजातून उंदीर आले, मांजरं आली. जंगल तोडून नारळ लावले, भाजीपाला लावला. आपल्याकडची साळुंकीसुद्धा तिकडे नेऊन सोडली गेली. 1865 मध्ये या दयाळाची शास्त्रात नोंद झाली तेव्हा तो अनेक बेटांवर होता. मग एकेक बेट रिकामं होत गेलं. 1970 च्या आसपास उरलं एकच बेट, फ्रिगेट. क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गावाचं शिवारही त्याहून मोठं. आणि त्यावर हे.

मी चिंचोक्यांकडे बोट दाखवलं.

“सोळा?”

“सोळा. सगळ्या जगात मिळून.”

धाकट्यानं ते पुन्हा मोजले. दोनदा. मग म्हणाला, “माझ्या वर्गातल्या दोन बाकड्यांच्या रांगा.” त्यानं चिंचोके उचलून चड्डीच्या खिशात टाकले आणि जाहीर केलं की उद्यापासून हे त्याच्या ताब्यात.

तिसरा दिवस : घाट आणि पाचोळा

शहाद्याहून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. म्हसावद, राणीपूर, आणि मग सातपुडा अंगावर येतो. राणीपूरपर्यंत केळी आणि पपया, मग एकाएकी हिरवा रंग संपतो. मेमधला सातपुडा म्हणजे पिंगट केसांचं म्हातारं अस्वल. साग उघडा, सालई उघडी, जमीन वाळल्या पानांनी झाकलेली. मध्येच एखादा करंज किंवा आंबा हिरवा दिसला की डोळ्याला पाणी लावल्यासारखं वाटतं.

‘सात पायरी’ घाटात धाकट्याला उलटी झाली. याचा वृत्तांत देण्याचं कारण म्हणजे त्या गडबडीत खिशातला एक चिंचोका पडला. वर नागार्जुनापाशी थांबल्यावर त्यानं मोजले तर पंधरा.

जे रडणं झालं ते उलटीच्या वेळीसुद्धा झालं नव्हतं.

ताई म्हणाली, “अरे, चिंचोकाच ना? खाली गेल्यावर देते शंभर.” त्यावर थोरली गप्पपणे म्हणाली, “शंभर नाहीयेत, आई.” मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं उरलंच नव्हतं.

थोड्या वेळानं, तो शांत झाल्यावर, मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली आणि सांगितल्यावर वाटलं, उद्यावर ठेवायला हवी होती. आपला दयाळ एका वेळी चार-पाच अंडी घालतो. बेटावरचा एकच घालतो. एक! शत्रू नव्हते तोवर एक अंडं पुरत होतं. एका पिल्लाचे लाड जास्त होतात, आईबाप त्याला पुष्कळ दिवस भरवतात. पण उंदरानं ते एक खाल्लं की त्या खेपेचं घर रिकामं. धाकट्यानं खिशावर हात ठेवला आणि पुढचे दोन तास काढला नाही.

तोरणमाळला वर गेल्यावर हवा बदलते. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची. खाली त्रेचाळीस अंशांनी तापलेली धुळ्याची गच्ची, इथे संध्याकाळी अंगावर चादर. यशवंत तलावाच्या काठी उतरलो. पाणी खूप आटलं होतं. कडेला भेगाळलेला चिखल आणि त्यात पाणबगळे. एका पावरा आदिवासी कुटुंबाकडे जेवणाची सोय झाली : मक्याची भाकरी, उडदाची डाळ, लसणाची चटणी. घरातल्या आजीबाईंनी मुलांच्या ओंजळीत टेंभरं (टेंभुर्णीची फळं) आणि चारं ओतली. चारं म्हणजे चारोळीचं फळ, काळपट-जांभळं, आंबटगोड, आत बी. बर्फीवरची चारोळी झाडाला लागते हे थोरलीला इथे कळलं. तिच्या मामालाही ते कॉलेजात असताना कळलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

दुपारी मुलांना एक उद्योग दिला. सागाच्या झाडाखाली हातभर लांब, हातभर रुंद चौकोन आखायचा, काडीनं एकेक पान उचलायचं आणि खाली काय सापडतं ते लिहायचं. हात घालायचा नाही, काडीनंच. विंचवाचा मुलुख आहे हा. पानागणिक ओरडा होत होता. वाळवीची मातीची नळी. मुंगळे. एक अळी, अंगाचं कडं करून पडलेली. दोन कोळी. गोगलगायीचा रिकामा शंख. वरची पानं कुरकुरीत, खालची मऊ, आणि सगळ्यात खाली चक्क ओल. त्या रखरखाटात! मी स्वतः मे महिन्यात सागाखालचा पाचोळा एवढा खालपर्यंत कधी उपसला नव्हता. आणि चौदाव्या की पंधराव्या पानाखालून चकचकीत, तांबूस शेपटीची सापसुरळी सळकन निघून गेली.

“हेच खातो ना तो?” थोरली म्हणाली. “हेच!”

तिच्या वहीतली नोंद : “सापसुरळी, 1. पळाली. दयाळ नव्हता, म्हणून वाचली.”

आमच्या यजमानांचा मुलगा हे सगळं दगडावर बसून बघत होता. अठरा-वीसचा असेल. त्यानं विचारलं, “गुरुजी, पाचोळ्यात काय हरवलंय?” मी सांगितलं. तो म्हणाला, लोक मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, कधी कधी ती आग डोंगरभर जाते. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, माहिती होती. मोह म्हणजे घरखर्च. काळ्या जमिनीवर पिवळी फुलं चटकन दिसतात हेही खरं. मीही मान हलवली. पण संध्याकाळी परत येताना एक जळका उतार लागला, तिथे धाकटा काडी घेऊन बसला आणि दोन मिनिटांत उठला. म्हणाला, “इथे कोणीच राहत नाही.”

चौथा दिवस : हरवलेला आणि सापडलेला

आज सगळ्यात लवकर उठलो, कारण आज जे शोधायचं होतं ते खानदेशाचं स्वतःचं होतं.

वाटेत मुलांना प्रस्तावना दिली. बेटावरचा दयाळ हरवता हरवता राहिला. आपल्या सातपुड्यातला एक पक्षी मात्र चक्क हरवला होता. रानपिंगळा. गाणारा नाही, घुबडाच्या जातीचा. वीतभर, डोकं मोठं आणि त्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर-शेपटीवर पांढरे पट्टे, पोट पांढरं. घुबड असून दिवसा उघड्यावर बसतो, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, आणि शेपटी हलवत राहतो. अ‍ॅलन ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचं वर्णन केलं. इंग्रज सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 नंतरच्या वर्षांत आपल्या खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. 1884 नंतर खात्रीलायक नमुना एकही नाही. 113 वर्षं!

“मग कोणी शोधलं नाही?”

शोधलं. पण चुकीच्या ठिकाणी. कारण इथे एक चोर येतो. चोर म्हटल्यावर धाकटा जवळ सरकला. रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी, नामांकित पक्षितज्ज्ञ. त्यानं डेव्हिडसननं जमवलेला रानपिंगळ्याचा नमुना संग्रहालयातून लांबवला, त्याची शिवण उसवून नव्यानं भरला आणि त्यावर चिठ्ठी लावली : 1914, मांडवी, गुजरात. आपणच मिळवला असा आव. लोक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून भलतीकडे शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी जुन्या नमुन्यांची उलटतपासणी केली, ती चिठ्ठी बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले. 25 तारखेला सकाळी तो समोर झाडावर बसलेला दिसला.

परवा आपण जिथे शेवभाजी खाल्ली त्याच्या जवळ, असं मी म्हटल्यावर थोरलीनं कपाळावर हात मारला. “म्हणजे आपण मागे सोडून आलो?”

तसं नव्हतं. नंतर तो तोरणमाळच्या रानातही नोंदला गेला, यावलला, मेळघाटात, अगदी मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही. आमच्यासोबत कालचा तरुण होता. त्यानं दोन जागा दाखवल्या. आम्ही सहापासून साडेनऊपर्यंत पालथं घातलं ते रान. कोतवाल दिसले, सोनेरी हळद्या, तांबटाची ठकठक सगळीकडे. एका वाळल्या सालईच्या शेंड्यावर एक गोल डोकं! मी श्वास रोखून दुर्बीण लावली. डोक्यावर ठिपकेच ठिपके. साधा ठिपकेवाला पिंगळा, जो धुळ्यात आमच्या शाळेच्या वळचणीला बसतो. तो आमच्याकडे बघून दोनदा वाकला, जणू नमस्कार, आणि उडाला.

रानपिंगळा दिसला नाही. हे लिहिताना मला ‘दिसला’ असं लिहायचा मोह झाला होता, पण चोराची गोष्ट सांगितल्यावर तसं करणं बरं दिसलं नसतं.

मुलं खट्टू झाली. आम्ही सीताखाईच्या काठावर जाऊन बसलो. पावसाळ्यात इथे धबधबा कोसळतो, आता नुसती कोरडी दरी आणि खालून येणारा गरम वारा. दशम्या काढल्या. थोरलीनं वही उघडून विचारलं, “मग सोळाचं पुढे काय झालं? वाचले का?”

धाकट्यानं खिशातून पंधरा काढून कातळावर ठेवले.

मांजरांपासून सुरुवात झाली, मी सांगितलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रिगेटवरची रानटी झालेली मांजरं काढून टाकली. पण मोठी मोहीम सुरू झाली 1990 मध्ये, तेव्हाही पक्षी दोन डझन भरत नव्हते. अभ्यासकांनी बेटावर तळ ठोकला. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कड्या घातल्या, म्हणजे कोण कोणाचं पोर ते कळावं. जुनी पोकळ झाडं कमी झाली होती म्हणून घरट्यांसाठी खोकी लावली. नवी झाडं लावली, म्हणजे खाली पाचोळा साठेल. वर थोडा खाऊही दिला. आणि घरट्यांची जागा बळकावणाऱ्या साळुंक्यांचा बंदोबस्त केला.

“आपल्या साळुंकीचा!” थोरली ओरडली. मग हळूच : “पण ती तर आपल्या खोक्यात...”

“आपल्याकडची ती आपली. तिथे तिला माणसानं नेलं.”

हे तिला पूर्ण पटलं नाही. खरं सांगायचं तर बोलून झाल्यावर मलाही ते जरा घाईचं वाटलं.

“आणि मग,” मी म्हटलं, “सगळी अंडी एकाच टोपलीत...” थांबलो. मुलांना म्हणीपेक्षा चिंचोका जवळचा. धाकट्याला विचारलं, “काल एक पडला तेव्हा सगळे कुठे होते?”

“खिशात.”

“एकाच खिशात. खिसा फाटला असता तर?”

तो बराच वेळ विचार करत बसला. मग त्यानं चार चिंचोके उचलून बहिणीला दिले, चार आईला, चार मला. तीन स्वतःकडे. “तुम्ही सांभाळा. कोणी उलटी करू नका.”

सेशेल्समध्ये नेमकं हेच केलं. 1994 मध्ये काही पक्षी कुझाँ नावाच्या बेटावर नेले, 1995 मध्ये शेजारच्या कुझीनवर. ही दोन्ही बेटं बिनउंदरांची. कुझाँवर समुद्रपक्ष्यांची एवढी गर्दी की त्यांच्या चोचीतून खाली पडलेले मासे आणि अंडीही दयाळाला मिळतात. आरिद नावाच्या बेटावर आधी एकदा पाठवणी फसली होती. 2002 मध्ये पुन्हा केली. 2008 मध्ये देनी बेटावर. मध्यंतरी 1995 मध्ये फ्रिगेटवर उंदीर पोचलेच. कल्पना करा, इतक्या वर्षांची मेहनत आणि एका बोटीतून उतरलेला उंदीर. त्यांचा नायनाट करायला 2000 साल उजाडलं. पण तोवर सगळे दयाळ एकाच खिशात नव्हते.

“आता किती आहेत?”

2006 च्या सुमारास पावणेदोनशेच्या वर गेले होते, पुढे आणखी वाढले. जगातल्या सगळ्यात धोक्याच्या यादीतून त्यांना 2005 मध्ये एक पायरी खाली आणलं. खाली म्हणजे चांगलं. हे मला दोनदा समजावून सांगावं लागलं, कारण मुलांच्या जगात खाली उतरणं म्हणजे नापास.

ताई इतका वेळ दरीकडे तोंड करून बसली होती. एकदम म्हणाली, “लहानपणी आपल्या मळ्यात विहिरीवर एक यायचा बघ, मोटेच्या चाकाच्या खांबावर. बाबा त्याला ‘मोटकरी’ म्हणायचे.” मला आठवलंच नाही. पण तिनं शीळ घालून दाखवली, ती दयाळाचीच होती.

तोरणमाळच्या त्या मुलाला निघताना मी विचारलं, रानपिंगळ्याला तुमच्याकडे काय समजतात? तो म्हणाला, म्हातारे लोक कुठल्याही घुबडाला घाबरतात, घराजवळ ओरडला की वाईट म्हणतात. “मी नाही घाबरत. गेल्या वर्षी त्याला बघायला मुंबईचे लोक आले, आमच्याकडे दोन दिवस जेवले.” धाकट्यानं त्याला आपल्या तिनातला एक चिंचोका दिला आणि सांगितलं, हा तोरणमाळचा. त्यानं हसून शर्टाच्या खिशात टाकला. ठेवला की घाटात फेकला, देव जाणे.

पाचवा दिवस : परत

उतरताना कोणाला उलटी झाली नाही. सात पायरीत धाकट्यानं खिडकीबाहेर डोकं काढून परवाच्या वळणावर पाहिलं, पण वळणं सात आणि चिंचोका एक. प्रकाशाला संगमावर थांबलो. दक्षिण काशी म्हणतात म्हणून ताईला दर्शन हवं होतं. आम्ही तिघं पायऱ्यांवर बसून आईसकांड्या खाल्ल्या. तापीच्या पाण्यावर खंड्या फिरत होता. वही गाडीत होती, ती काढायचा उत्साह कोणालाच नव्हता.

घरी पोचलो तो दुपारचे तीन. आई म्हणाली, “दिखनं का पाखरू?” थोरली म्हणाली, नाही दिसलं. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लिंबाकडे हनुवटीनं खूण केली. खोक्यातून साळुंकीची पिल्लं ओरडत होती, चोची नुसत्या पिवळ्या. मी थोरलीकडे पाहिलं. ती खोक्याकडे बघत होती, मग माझ्याकडे.

“खोकं हलवायचं नाही ना?”

“छे.”

“मग दयाळाला भोक पाहिजे.”

संध्याकाळी ऊन कललं तसा मी छिन्नी-हातोडा घेऊन न्हाणीघरामागे गेलो. माझंच सिमेंट, आणि काय घट्ट भरलं होतं! दिवाळीत त्या गवंड्याला मी ‘नीट भर’ म्हणून तीनदा बजावलं होतं. अर्धा तास ठोकलं. वाळत घातलेल्या कुरड्यांवर धूळ उडाली म्हणून आईनं जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी मूठ जाईल एवढं भोक मोकळं झालं. आत जुन्या घरट्याच्या काड्या आणि मुळ्या अजून होत्या, चेपून बसलेल्या. त्या तशाच ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे दयाळ टाकीवर नेहमीसारखा गायला. भोकाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. थोरली पेरूखाली टॉर्च घेऊन उभी होती. सात वाजता तिनं निरीक्षणाची शेवटची ओळ लिहिली आणि मला दाखवली :

“भोक उघडे केले. आज तपासले. आत एक पाल.”